पत्र्याच्या भट्टीतलं मटण

डुकराच्या जाड चामडीवर सुरीने चिरा पाडताना जाडंभरडं कापड फाटावं तसा आवाज होतो, आणि त्या आवाजाची मला पुढेपुढे गोडी लागली होती, हे कशाला लपवू? दुष्काळाच्या त्या साली, बहात्तरच्या डिसेंबरात, नगरच्या कॅम्पाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळचं कोवळं ऊन तिरकं उतरलेलं होतं, परातीत पांढऱ्या चरबीचा थर तकाकत होता, आणि मी, बेलापूरच्या एका भिक्षुकाची मुलगी, त्या चरबीत मीठ, मिरं, लसूण नि व्हिनेगर दोन्ही हातांनी रगडून भरत होते. नाताळ तोंडावर आला होता.

लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मी ख्रिस्ती घरात दिली गेले नव्हते, नवऱ्याबरोबर पळून आले होते. त्यामुळे माहेरचं दार बंद झालं ते झालंच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. उमेदीत त्यांनी कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर आयाचं काम केलं होतं, आणि तिथे पाहिलेली भट्टी त्यांनी घरी घासलेटच्या डब्याची करून घेतली होती. डबा आडवा, आत वाळूचा थर, त्यावर ताटली, खाली शेगडी, वर पत्र्यावर रसरशीत निखारे. मांस आत सारलं की डब्याच्या दाराच्या फटी कणकेने लिंपून टाकायच्या. मी पहिल्यांदा कृती विचारली तेव्हा त्या हसल्या होत्या. यात शिकण्यासारखं काही नाही, मीठ चोळायचं, आगीत लोटायचं आणि गप बसायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी खात नसे आणि मला कुणी आग्रहही करत नसे. पण रांधण्यातली ती उघडीवाघडी हिंसा मला आवडे. आमच्या बेलापूरच्या घरात मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करत, आणि मुलांना मात्र वेताच्या छडीने वळ उठेपर्यंत मारत. तिथे रक्त कधी जमिनीवर सांडलं नाही, म्हणून त्या घराला सगळे सोवळं म्हणत.

दुपार चढली, नवरा कामावर गेलेला होता, डबा आतून तडतडू लागला. चरबी ताटलीत ठिबकत होती, दालचिनी आणि लवंगेचा गोडसर वास कोरड्या हवेत दाटून राहिला होता, आणि दारात अण्णा उभे होते.

माझे वडील दोन वर्षांनी मला पाहत होते. उपरणं धुळीने मळलेलं, काखेला पिशवी, पिशवीत घरून आणलेला पाण्याचा तांब्या. आत्याबाईंनी घाईने सतरंजी अंथरली. ते तिच्या कडेला, जमिनीवरच बसले. आईने अंथरूण धरलंय, असं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. डॉक्टरांनी हात टेकलेत, ती माझंच नाव घेते आहे, श्रीरामपूरच्या गाडीला अजून वेळ आहे, तेव्हा मी आवरावं. आईला एकदा बघायला मिळावं यापलीकडे मला त्या क्षणी जगात काहीही नको होतं.

तेवढ्यात त्यांना वास आला असावा. त्यांनी डब्याकडे मान केली आणि काय भाजता आहात म्हणून विचारलं. माझ्या आधी आत्याबाई म्हणाल्या, "केक हाय, अण्णा. सणाचा." त्या आयुष्यात फारसं खोटं बोलल्या नसाव्यात, बोलतानाच त्यांनी पदर ओढून तोंड पुसलं. अण्णांचा चेहरा जरा निवळला. आईपर्यंत पोचायचं तर असले शंभर केक मला चालणार होते.

मग त्यांनी अटी सांगितल्या. परसदाराने यायचं. विहीर आटलेली आहे, तरी दोन घागरी राखून ठेवल्या आहेत, त्या पाण्याने नेसत्या लुगड्यानिशी स्नान करायचं, पंचगव्य घ्यायचं. मी मान डोलावत होते. गोमूत्र काय, मी विषही घेतलं असतं.

"आणि तिला एवढंच सांगायचं," ते म्हणाले, "की मी ते घर सोडून कायमची आले. म्हणजे ती सुखाने डोळे मिटेल."

आत्याबाई तिथेच, हाताच्या अंतरावर, निखारे सारखे करत बसल्या होत्या. त्या नाहीतच असं धरून अण्णा बोलत होते. माझ्या आत काहीतरी भडकलं. मरत्या आईच्या कानात शेवटचं म्हणून मी माझ्याच संसाराचं मरण सांगायचं, आणि त्याला सुख म्हणायचं!

"तो केक नाही, अण्णा. डुक्कर आहे. मी चिरलं, मी मीठ चोळलं, मीच आत घातलं."

त्यांची थप्पड कानशिलावर इतक्या जोरात बसली की मी भिंतीवर आपटले. पाठोपाठ त्यांनी तो लालबुंद डबा दोन्ही उघड्या तळव्यांनी ढकलून दिला. कातडी जळल्याचा वास आधी आला, त्यांची किंकाळी मागून. निखारे घरभर उधळले, कणकेचं लिंपण फुटलं, मांसाचा तो तांबूस गोळा धुरासकट फरशीवर घरंगळला आणि उकळती चरबी पसरली. आत्याबाईंच्या पदराने पेट घेतला. मी हातांनीच तो विझवत होते तेव्हा अण्णांनी पुन्हा माझ्या दिशेने पाऊल टाकलं, आणि मी उठले ती सुरी घेऊनच. ती मी त्यांच्या छातीवर रोखली होती. ती चालवायची माझी तयारी होती. हातात बळ होतं, डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि सकाळचा तो चामडी फाटण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या दंडावर फोड उठत होते. "ठिव ती," त्या हळू म्हणाल्या. "आई हाय तुजी तिकडं."

अण्णा निघून गेले. तळवे पुढे धरून, एखाद्याकडे काही मागावं तसे, ते धुळीच्या रस्त्याने चालत होते. आत्याबाईंच्या दंडाला मी खोबरेल लावू लागले, तर त्यांनी बाटली काढून घेतली. मटणाचं आपण बघून घेऊ, तू पुढची गाडी पकड, असं म्हणून त्यांनी मला अक्षरशः बाहेर लोटलं. मी लुगडं बदललं नाही. हात धुवायचंही सुचलं नाही.

गाडीत खिडकीबाहेर करपलेली शेतं मागे पळत होती. कुठेकुठे मेलेल्या जनावरांचा वास येई, बायका नाकाला पदर लावत, आणि माझ्या शेजारची बाई माझ्यापासूनही थोडी सरकून बसली. मुठीला अजून सुरीची मूठ जाणवत होती. अण्णांचा हात आणि माझा हात यांत काय फरक, हा प्रश्न पहिल्यांदाच मनात आला, आणि त्याचं उत्तर मला मुळीच आवडलं नाही.

बेलापूरला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मी परसदाराकडे वळले नाही. अण्णा पुढच्या दारातच, उंबऱ्यापाशी, दोन्ही बाजूंना पाय टेकवून वाट अडवल्यासारखे बसले होते; तळव्यांना तूप चोपडलेलं, बोटं ताठ. आतून आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता. मी समोर उभी राहिले. अंगाला चरबीचा, धुराचा वास येत होता, आणि तो त्यांना येत होता हे मला दिसत होतं. त्यांनी फक्त पाय जवळ ओढून घेतले.

ती मला दिलेली वाट होती, की माझा विटाळ नको म्हणून चोरलेलं अंग, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. पण फट माझ्यापुरती झाली होती. मी आत गेले.