निळेकाकांचा निळा

निळेकाकांचं खरं नाव कारखान्यात फक्त हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं. हाडं जोडायला लागणारे टायटॅनियमच्या मिश्रधातूचे स्क्रू तिथे बनत, आणि त्यांच्यावर रंग चढवायची टाकी काकांकडे होती. रंग आपला म्हणायचा. नवीन माणूस आला की काका त्याला टाकीपाशी उभं करून भाषण देत.

"यात रंगाचा थेंब नाही. पातळ आम्लात स्क्रू बुडवायचा, वीज सोडायची. धातूच्याच अंगावर ऑक्साइडचा थर धरतो. थर जसा जाड-पातळ, तसा रंग दिसतो. शरीरात गेल्यावर हाच थर धातूला जपतो. हा रंग विटत नाही, उडत नाही. कळलं?"

कळलं म्हटल्याशिवाय सुटका नसे.

रंगावरून डॉक्टरांना स्क्रूचं माप कळतं, त्यामुळे निळा म्हणजे ठरलेला गडद निळाच लागतो. वीजदाब वाढवत नेला की तो आकाशी होतो, मग पिवळा. पुढे गेलेला रंग मागे येत नाही. थर काढून पुन्हा श्रीगणेशा. म्हणून बाकीचे मीटरवरचा आकडा बघून थांबत. काका मीटरकडे पाठ करून बसत. आकडा शिकाऊंसाठी, आपल्याला देवाने डोळे दिलेत, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांच्या खेपा परत यायला लागल्या.

"काका, हा निळा नाही, आकाशी आहे," तपासणीच्या बाई म्हणाल्या.

"तुमचा दिवा बदला."

दिवा बदलला. काकांनी मग पाण्याला दोष दिला, पाण्यानंतर धातूला. शेवटी सुपरवायझरने सांगून टाकलं की आणखी एक खेप परत आली तर टाकी दुसऱ्याकडे आणि काका पॅकिंगला. खोक्यांना पट्ट्या चिकटवत निवृत्त व्हायचं, या कल्पनेने काकांना जेवण जाईना.

ती आणखी एक खेपही आलीच. बाईंनी स्क्रूशेजारी नमुन्याची पट्टी ठेवली. पट्टी काकांनीच कधीकाळी केलेली. काकांनी निरखून पाहिलं. दोन्ही सारखेच राखाडी.

"नमुनाच विटलाय!" काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं.

बाईंनी पट्टी उचलून काकांसमोर धरली. "काका, हा रंग विटत नाही, हे मला कोणी शिकवलं?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. इतक्या वर्षांत आपलं भाषण एका माणसाने तरी लक्ष देऊन ऐकलं होतं, याचा काकांना भयंकर राग आला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, चांगला पिवळा पडलेला. निळा त्यातून पोचतच नव्हता, आणि तो शोधत काका वीज वाढवत बसले होते.

"टायटॅनियमवर थर चढवायचा पगार घेतो," ते घरी म्हणाले, "डोळ्यांवरचा फुकटात करून घेतला."

"तिथेही मीटर बघितला नसेल," बायको म्हणाली.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर काका आरशासमोर गेले आणि ओरडले, "अगं, माझे केस तांब्याचे झालेत!" ते स्वतःच कलप लावत. काळा समजून.

"बरेच दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"रंगातले जाणकार तुम्ही. मला वाटलं, मुद्दाम केलंय."

कामावर आल्यावर सुपरवायझरने त्यांना एकच खेप दिली. जमली तर टाकी, नाहीतर पॅकिंग. काका मीटरकडे तोंड करून बसले. आकडा गाठल्यावर अजून थोडंसं वाढवायला हात शिवशिवत होता; तो त्यांनी खिशात घातला. स्क्रू धुतले, नीट वाळवले, कारण ओला असताना रंग फसवतो. झकास निळा दिसला. अगदी शंभर टक्के खात्री पटली आणि नेमका तिथेच काकांना घाम फुटला. नमुना विटलाय म्हणतानाही खात्री शंभर टक्केच होती.

ट्रे घेऊन ते बाईंकडे गेले. "निळा आहे का?"

"तुम्हाला काय दिसतंय?"

"माझं सोडा हो!"

बाईंनी एकेक स्क्रू नमुन्याशेजारी फिरवून पाहिला. काका भिंतीकडे बघत उभे राहिले.

"पास," बाई म्हणाल्या. सुपरवायझरने लांबूनच मान हलवली. टाकी राहिली.

दुपारी काका पुन्हा हजर, सोनेरी स्क्रूंचा ट्रे घेऊन.

"काका, सोनेरी तर तुमचा कधीच चुकला नव्हता!"

"असं मलाही वाटतं," काका म्हणाले. "म्हणूनच आणलाय."