बकरीसाठी प्रार्थना करणारी सुमन

सुमन गेल्याची बातमी मला आमच्या शाळेच्या शिपायाकडून कळली. "बाई, तुमाले त माहीतच असन," म्हणत त्याने सांगितलं, आणि मला माहीत नव्हतं. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला आधी राग आला. डी.एड.ला एका खोलीत राहिलेली मी, आणि बातमी शिपायापर्यंत पोचली तरी माझ्यापर्यंत नाही... रडू नंतर आलं, सायकल स्टँडजवळ. आता महिना होऊन गेला. तिच्याविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. मी तिच्यावर जळत होते, तेवढं मला लिहिता येईल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चंद्रपूरची, वडील चर्चचे पाळक, आजोबाही पाळक. घरात दोन्ही वेळ प्रार्थना, पवित्र शास्त्रातले उतारे तोंडपाठ. सुमन धानोऱ्याच्या पलीकडची, गोंड घरातली. शाळेत असताना ती एकटीच ख्रिस्ती झालेली. आईबाप आपल्या गावदेवाला मानणारे, आणि त्यावरून घरात कधी बिनसलं नाही म्हणायची. म्हणजे बघा, आमच्याकडे प्रभू तीन पिढ्यांपासूनचा आणि तिच्याकडे कालचा. पण गडचिरोलीच्या त्या वसतिगृहात संध्याकाळी ती खाटेवर मांडी घालून बसली, की शेजारणीशी बोलावं तशी त्याच्याशी बोलायची. मध्येच थांबायची, तिकडचं ऐकून घ्यायची, कधी कधी चक्क हसायची. मी समोरच्या खाटेवर वडिलांनी शिकवलेली वाक्यं म्हणत बसे, आणि मला कधी कुणी हसवलं नाही. त्या दोन वर्षांत मला मनापासून एकच गोष्ट हवी होती... देवाने एकदा तरी तिच्याशी बोलतो तसं माझ्याशी बोलावं. गुण, नोकरी, हे सगळं त्यानंतर.

सराव पाठांसाठी आम्हाला धानोऱ्याकडच्या एका गावात पाठवलं होतं. पहिला पाठ माझा. मागे मार्गदर्शक सर निरीक्षणाला बसलेले, शेजारी सुमन, तिचा पाठ माझ्यानंतर. भिंतीला चित्र टांगलं, खडू घेतला, आणि घरच्या सवयीने पाठाआधी टेबलाशी उभी राहून डोळे मिटले. ओठ हलत होते, भीतीने हात कापत होते. प्रार्थना जरा लांबली. डोळे उघडले तर सगळा वर्ग उभा, हात जोडलेले. पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "बाई, आमची बकरी कुठी गेली?" मला काही समजेना. दुसऱ्याने विचारलं, बाबाचा ताप कधी उतरन. त्या गावात देव अंगात आला की त्याला असंच विचारतात, आणि पोरांच्या हिशेबाने माझ्या अंगात आला होता. सरांचं पेन तसंच हवेत. तेव्हा सुमन उठली आणि गोंडीत काहीतरी बोलली. पोरं हसत खाली बसली आणि पाठ सुरू झाला. काय सांगितलंस, असं मी नंतर विचारलं.

"म्हटलं, बाईच्या अंगात देव नाई आला, बाई देवासंग बोलून राह्यल्या. तुमचं काई काम असन तं मधल्या सुट्टीत सांगा."

मधल्या सुट्टीत सगळी पोरं कामं घेऊन हजर. माझ्याकडे आली होती ती, सुमनकडे नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. पण बकरीसाठी प्रार्थना? आमच्या घरी आजारी, प्रवासी आणि राज्यकर्ते यांच्यासाठी करत. मी "हो हो, बघू" करत राहिले. सुमन मोहाच्या झाडाखाली बसली आणि एकेकाला विचारत गेली, बकरीचा रंग कोणता, बाबाचं नाव काय. मग सगळं तसंच्या तसं देवाला सांगितलं. संध्याकाळी बकरी परत आली. बकऱ्या संध्याकाळी येतातच, पण ती पोरगी धावत आली ती सुमनकडे. त्या दिवशी मी जेवले नाही. ती विचारत होती, "काऊन वं, रूथ, पाठ त चांगला झाला नं तुया?" आता तिला काय सांगायचं.

पुढे दोघींना नोकऱ्या लागल्या, फिरत फिरत दोघी गडचिरोलीलाच आलो आणि रविवारी एकाच चर्चमध्ये दिसू लागलो. पाळकाची मुलगी मी, पण पोराची परीक्षा असो की सुनेचं बाळंतपण, बाया तिलाच गाठायच्या. मग तिला आजार लागला. शेवटची भेट दवाखान्यात झाली. नवरा औषधं आणायला गेला होता. ती म्हणाली, "रूथ, लई दिवस झाले, माझ्यानं प्रार्थनाच होत नाई. बोलाले गेली का तिकडं कोणीच नाई, असं वाटते... तू कर." इतकी वर्षं मला हवी होती ती जागा तिने स्वतःच्या हाताने मला दिली. मी तिचा हात धरून सुरुवात केली, "हे सर्वसमर्थ, दयाळू पित्या..." आणि पुढचं वाक्य येईना. मग तोंडातून निघालं ते असं: "देवा, माझ्याशी नाही बोललास तरी चालेल. कधीच नको बोलूस. पण हिच्याशी बोल." आमेन मी म्हणायच्या आधी ती म्हणाली. नवरा आला तेव्हा तिने डोळे मिटले होते. झोपली होती की ऐकत होती, मला कळलं नाही, आणि त्याच आठवड्यात ती गेली.

परवाच्या रविवारी उपासनेत पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाची प्रार्थना-विनंती आहे का? सगळ्या बायांच्या माना खिडकीजवळच्या, सुमनच्या बाकाकडे वळल्या. तिथे आता एक नवीन कुटुंब बसतं, ती माणसं बिचारी गोंधळून गेली. मी इकडे मधल्या बाकावर आयती बसलेली, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. आतून जुनीच जळजळ उठली. रागाने म्हटलं, या बायांना अजून तीच लागते... आणि मग लक्षात आलं, माझीही मान तिकडेच वळलेली आहे.