राबाला काडी मी लावली

आमच्या म्हसळ्याकडच्या गावात राब पुरुषानंच पेटवायचा. भाताचं रोप जिथं वाढवायचं, त्या जमिनीवर शेण, फांद्यांचा टहाळ, वाळल्या पानांचा पातेरा पसरून जाळायचा, तो राब. बायांनी वर्षभर शेण गोळा करावं, टहाळ डोक्यावरून वाहावा, पाठ मोडेस्तोवर थर रचावेत. काडी मात्र पुरुषाची. का, तर तशी रीत. त्यात मी सून, आणि कंपनीत कामगारांना आगीपासून बचाव शिकवणारी. सासऱ्यांना ते कायम खुपायचं. "तुजं शिक्षान कंपनीत ठेव," म्हणायचे.

सासऱ्यांना आता झेपेना आणि नवरा बाहेरगावी नोकरीला, म्हणून त्या वर्षी राब पेटवायला दीर मुंबईहून एका दिवसासाठी आले. दुपारची एसटी गाठायची, म्हणून अकरा वाजताच काडेपेटी घेऊन निघाले.

मी म्हटलं, "भावजी, समुद्रावरून खारा वारा सुटलाय. उद्या पहाटे लावू. वर माती टाकायचीही राहिलीय."

"मातीनं नुसता धुमसत बसतो, वहिनी. मला गाडी आहे."

धुमसायलाच तर हवा. माती हवा तोडते, म्हणून आग हळू चालते आणि जमीन सारखी भाजते. शिवाय काडी लावायची वाऱ्याच्या उलट्या टोकाला, म्हणजे आगीला वाऱ्याशी झगडत पुढं यावं लागतं. दिरांनी लावली समुद्राकडून. वारा आगीच्या पाठीशी. मला भयंकर राग आला.

बघता बघता बांधावरच्या वाळक्या गवतानं पेट घेतला. बांधापलीकडे आमचा गोठा, पेंढ्यानं शाकारलेला, आत गाभण गाय. दावं सोडायला सासूबाई आत धावल्या. मागोमाग धूर आत शिरला.

सगळे हंडे घेऊन विहिरीकडे पळाले. विहीर कुठं, आग कुठं. मी ओरडले, "हंडे टाका, कोयते घ्या." आग पुढं गवत खातच येणार होती, ते गवतच ठेवायचं नाही. शेजारच्या बाया लगेच वाकल्या. गोठ्यापुढं दोन हात रुंद पट्टा कापला, कापलेलं ओढून मागं टाकलं, नुसती माती उघडी केली. सासरे बघत उभे. कोण काय म्हणेल याची मला पर्वा राहिली नव्हती.

गोठ्याच्या दाराशी जाऊन मी कोयता आत सरकवला. "आई, गाठ सोडत बसू नका, दावं कापा नि खाली बसा. रांगत या. धूर वर असतो, हवा जमिनीशी."

आधी गाय उधळत बाहेर आली. मग सासूबाई, हातांवर, गुडघ्यांवर. खोकून खोकून जीव अर्धा झालेला. मला रडूच फुटलं. तोवर आग उघड्या मातीशी येऊन विझत चालली होती.

"देवानं राखलं," सासरे म्हणाले.

"राखलं ना. पण गवत बायांनी कापलं," मी म्हटलं. घरात आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. नाही तर नाही.

पुढच्या वर्षी सासऱ्यांनी पुन्हा दिरांना फोन केला. ते पोचायच्या आदल्या संध्याकाळी मी राबावर माती पसरायला घेतली. सासूबाई टोपली भरून देत होत्या. पहाटे वारा पडलेला असताना मी काडी ओढली.

दहाच्या एसटीनं दीर उतरले, तेव्हा राब शांत धुमसत होता.

"कुणी पेटवला?"

सासऱ्यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तिनं. आनि यापुढं तीच पेटवंल. धुरात मी रांगले, तू न्हाय."