सदतीस जणांचा निरोप

मंगळवारी मालवणच्या आमच्या घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुग्धाची सुट्टी संपलेली... दोनच्या एसटीने कणकवली गाठून मुंबईची गाडी पकडायची, आणि लेक लॅपटॉपसमोरून उठायला तयार नाही.

तिच्या कंपनीच्या वेबसाइटवर कॉलेज प्रवेशाचे फॉर्म भरले जातात. काम दोन सर्व्हरवर वाटलेलं. त्यातल्या एकाची डिस्क बदलायची म्हणून तो बंद करायचा होता. नवीन येणारे तिने कधीच दुसऱ्याकडे वळवले होते, पण आधी आलेले सदतीस जण त्याच उघड्या कनेक्शनवरून पुन्हा पुन्हा काहीतरी मागत राहिले... हलेनातच.

साहेबांचा फोन आला, तोडून टाक म्हणून. फोन ठेवून मुग्धा म्हणाली, "मधीच तोडलंय तर पाठवतत तो फॉर्म फुकट जातलो, बाबा. आज शेवटचो दिवस."

मी ओटीवर येरझाऱ्या घालत होतो. जीव असा टांगणीला लागला की मी शाळेतल्या कविता पुटपुटतो... त्या दिवशी तिसऱ्या कडव्यापुढे ओळच सापडेना.

पायरीवर शेजारच्या कमलवहिनी. "येतंय हां," म्हणून अर्धा तास झालेला, तरी एकातून एक गोष्ट निघतच होती. एक गोष्ट संपली तशी आमच्या हिने करंडा आणून त्यांना कुंकू लावलं. वहिनी हसत पायऱ्या उतरल्या.

"आये, तिका जा म्हटलंस खंय?" मुग्धा बघत राहिली.

"जा कसा म्हणतलंय? बोलणा पुरा होवक दिलंय, मगे कुंकू लावलंय. तुझ्या पावण्यांका पण लाव."

मुग्धा भराभर टाइप करू लागली. सर्व्हरने आता प्रत्येकाला मागितलेलं पूर्ण द्यायचं, आणि त्या उत्तरातच कळवायचं... हे कनेक्शन इथे संपलं, पुढचं नव्याने जोडा. नव्याने जोडणारा आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर.

सदतीसचे वीस झाले, मग सहा. शेवटचा कुणीतरी आपला फोटो चढवत होता... संथपणे. घड्याळाकडे बघायचं धाडस मला होईना.

पावणेदोनला शून्य. बॅग मी उचलली, एसटी मिळाली.

त्या सदतीस मुलांना काही कळलंसुद्धा नसेल. कळू नये, यासाठीच माझी लेक तिथे बसून राहिली होती... एवढं कुणाला तरी सांगावंसं वाटलं.