अर्धलीची शेळी

"आधी धुऊन आण तिला. तुमच्या घरातली हाय ती."

सरपंच फाटकाच्या आत, आम्ही बाहेर. सासूच्या कडेवर शेळीचं मादी पिल्लू, पाट. दुष्काळ होता. टँकर येईल तेव्हा घागरभर पाणी मिळायचं. मी घरून तीच घागर आणली, सासूनं ती पिल्लावर ओतली. पिल्लू कुडकुडत होतं. मग सरपंचाच्या गड्यानं ते आत नेलं. आम्ही त्या दिवशी शेजारणीकडून तांब्याभर पाणी मागून प्यालो. मला सरपंचाचा राग आलाच. पण सासूचा जास्त आला. ती हात जोडून उभी होती.

शेळी त्यानं अर्धलीनं दिली होती. म्हणजे शेळी त्याची, राखायची आम्ही, पिल्लं निम्मी निम्मी. बौद्धवाड्यातल्या आणखी काही बायांनाही दिली. अशा साली हा माणूस एवढा मेहेरबान कसा, हे मला तेव्हाच खटकलं होतं. शेळीच्या कानात बिल्ला होता. चोरी होऊ नये म्हणून, असं त्यानं सांगितलं. सासू म्हणायची, "लई शक घेऊ नको माणसावर."

लातूर नवा जिल्हा झाला, तसे साहेब लोक गावोगाव फिरू लागले. एक साहेब येणार म्हणून सरपंचानं आम्हाला शेळ्या घेऊन शाळेसमोर उभं केलं. काही विचारलं तर नुसतं हाव म्हणायचं, असं बजावलं.

साहेबानं माझ्या शेळीचा कान उलटा करून बिल्ला पाहिला. "सरकारनं तुला दिलेली शेळी हीच ना?"

हाव तोंडात आलं होतं. तिथंच अडकलं. सरकारनं? मला? म्हणजे आमचीच शेळी आम्ही अर्धलीनं राखत होतो.

मी म्हणाले, "साहेब, शेळी माझी हाय, तर हिची पाट सरपंचाच्या गोठ्यात काय करायली?"

साहेब सरपंचाकडं बघून हसला. "बघू," म्हणाला, आणि त्याच्याच घरी चहाला गेला. हाही आपला नाही, हे तेव्हा कळलं.

गडी शेळीचा दोर घ्यायला आला. सासू म्हणाली, देऊन टाक, गावात राहायचंय. मी दोर मनगटाला गुंडाळला.

"हात लावून बघ."

तो मागं सरला. पाट मात्र परत मिळाली नाही. उलट गावानं आम्हाला बांधावर चारायला बंदी केली. मी सडकेच्या बाभळी झोडपते, शेळीला शेंगा घालते. सासू बोलत नाही. नको बोलू दे. शेळी माझी आहे. मेली तरी माझ्याच दारात मरेल.