विमानाच्या पायाची कडी

नागपूरच्या एका साहेबाने आमच्या दुकानातल्या भाऊंना फसवलं. पैशात नाही. पैशात फसवलं असतं तर त्याच्या दारात बसून मी वसूल केलं असतं. भंगाराच्या हातगाडीपासून सुरुवात केलेला माणूस तेवढं शिकतोच. त्याने भाऊंचा त्यांच्या स्वतःच्या हातावरचा विश्वास काढून नेला.

तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेल, जो दारात आला की आधी कडी-कोयंडा बघतो. भाऊ समोरच्या लोखंडावरून अंगठा फिरवायचे आणि मग तो अंगठा उजेडात धरून पाहायचे. चहाच्या टपरीतला चमचा, बँडवाल्याचा कर्णा, सगळ्यांना ही परीक्षा द्यावी लागे. एका लग्नात त्यांनी नवरीसोबत जाणाऱ्या पेटीवर अंगठा फिरवला आणि रडणाऱ्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "पेटी ओल्या भिंतीले लावू देऊ नका." बाप रडायचा थांबला.

स्वतःची सायकल मात्र गंजून लाल झालेली. ऊर्जानगरच्या बाजूने ती कुरकुरत आली की भाऊ आले हे दुकानात कळायचं. मी टोमणा मारला की म्हणायचे, "ते माह्यी आहे. तिले माहीत आहे."

मूळचे कोरपन्याकडचे. विमानं दुरुस्त करणाऱ्या एका लांबच्या कारखान्यात मुलामा देण्याचं काम करून निवृत्त झालेले. "आपण विमानाचे पाय धुतले आहेत" हे वाक्य ओळख झाल्यावर लगेच यायचं आणि नंतरही येत राहायचं. गावात त्यांना विमानवाले म्हणत, आणि त्यांना ते आवडे.

माझ्या प्लेटिंगच्या दुकानात कामाला आले तेव्हा पगाराची घासाघीस करायला मी बाह्या सरसावून बसलो होतो. ते म्हणाले, "ते मंग पाहू, शेठ. आधी तुह्यं पाणी दाखव." विहिरीचं पाणी बोटांत चोळलं आणि तोंड वाकडं केलं. "यात म्हशी धुव." तेव्हापासून आमच्या मुलाम्याच्या टाक्यांत बॅटरीचं शुद्ध पाणी. पगार मी पाडूनच ठरवला; त्यांनी पाण्यात वसूल केला.

कोळसा खाणीतलं पाणी पोलाद खातं. तिथल्या यंत्रांचे दांडे आमच्याकडे मुलाम्याला येत. टाकीतून काढलेला दांडा भाऊ लगेच देत नसत. ओव्हनमध्ये घालून दिवसरात्र मंद शेकत ठेवायचे. टाकीत पोलाद वायू पितं, तो आत राहिला तर वरून चकचकीत दांडा एक दिवस वजनाखाली कडकन तुटतो, असं ते सांगत. "वरून नवरदेव, आतून भुसा."

एकदा खाणीचा ठेकेदार दारात उभा राहून ओरडू लागला. "काऊन अडवून ठेवला माल? विमानाचा पाय आहे का हा?"

भाऊ ओव्हनच्या दाराला पाठ लावून उभे. "विमानाचा नसन. पन याच्याखालीबी मानूसच उभा राह्यते ना?"

ठेकेदार मला शिव्या घालून गेला. मी भाऊंना घातल्या. ओव्हन उघडलं नाही.

मुलामा टिकतो का हे पाहायला त्यांनी एका मोडक्या कुलरची पेटी केली होती. आत मिठाच्या पाण्याचं धुकं उडायचं आणि त्यात तुकडे टांगलेले. मे महिन्यात उन्हातून आलेल्या एका गिऱ्हाइकाने गार हवा समजून झाकण उघडलं आणि तोंड आत घातलं. बाहेर आला तो खारवलेल्या कैरीसारखा. भाऊ त्याला म्हणाले, "आता तुम्ही लोणच्यात टिकसान." मी हसलो, मग गिऱ्हाईक जातंय म्हणून धावलो.

आणि मग तो साहेब आला. हातात एक पोलादी कडी. विमान उतरताना ज्या पायांवर धक्का घेतं, त्या पायांत दाबाखालचं तेल असतं. ते अडवणारं रबरी सील ज्या कडीवर बसतं, ती ही. तिला गंज चढला की रबर कापतं, तेल गळतं आणि पाय बसतो. तिच्यावर जस्त आणि निकेल यांचा एकत्र मुलामा हवा होता. नमुना टिकला तर काम आमचं, असं साहेब म्हणाला.

भाऊंनी कडी हातात घेतली तेव्हा त्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. बऱ्याच वर्षांनी माहेरचं माणूस भेटल्यासारखा.

दोन धातू एकाच टाकीतून सारखे बसवणं सोपं नसतं. "एका घरात दोन जावा आहेत, शेठ. एकीले जास्त मान दिला का दुसरी रुसते." कित्येक तुकडे फुकट गेले. शेवटी मनासारखी कडी निघाली, शेकून झाली, मिठाच्या धुक्यात राहिली. भाऊ रोज अंगठा फिरवायचे आणि मला दाखवायचे. स्वच्छ.

साहेब ती न्यायला आला, तेव्हा टाकीत काय काय घातलं तेही विचारू लागला. मी म्हटलं, काम आमचं असं आधी लिहून द्या. भाऊंनी माझा हात दाबला. "विमानाचं काम आहे. इथी भाव करू नको." आणि त्यांनी शाळेत शिकवावं तसं सगळं सांगितलं.

काही आठवड्यांनी साहेब रिकाम्या हाताने आला. "फेल गेली. गंज चढला."

"कडी कुठे आहे?" मी विचारलं.

"तपासणीत मोडली."

भाऊंनी एवढंच विचारलं, "गंज कुठी होता, साहेब? काठावर का मधात?"

"सगळीकडे," साहेब म्हणाला आणि गाडीत बसला.

मी दिवसभर भांडत होतो, भिंतीशी. नंतर भाऊ कामाला येत, पण अंगठा फिरवत नसत. मी चमचा पुढे केला तर नुसता चहा ढवळायचे. एक दिवस म्हणाले, "हात गेला, शेठ. खानीतल्या दांड्याखाली मानूस उभा राह्यते. आता माह्या भरोशावर नको." आणि कोरपन्याला निघून गेले. सायकल दुकानातच ठेवून.

पुढच्या हिवाळ्यात नागपूरला यंत्रांचं प्रदर्शन होतं. काचेच्या पेटीत मखमलीवर एक कडी उभी होती आणि वर त्या साहेबाच्या कारखान्याची पाटी. मी खाली वाकलो. टाकीत तुकडा तांब्याच्या तारेने टांगतात. तार टेकते तिथे मुलामा बसत नाही. बाकीचे कुठूनही टांगतात. भाऊ आतल्या काठाला दोन तारा जवळजवळ टेकवायचे आणि त्या जागेवर नंतर कुंचल्याने मुलाम्याचा हात द्यायचे. तरी सापाच्या दातांसारखे दोन पुसट ठिपके राहायचेच. ते तिथे होते. मोडलेलं काही नव्हतं. आणि गंजाचा कण नव्हता.

मी पेटी उघडा म्हणून ओरडलो. मला बाहेर काढलं. मी तसाच बसस्टँडवर गेलो.

कोरपन्याला भाऊंच्या घरी त्यांच्या बाई ओट्यावर तूर निवडत होत्या. मला पाहून "जयभीम" म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. भाऊंना जाऊन थोडेच दिवस झाले होते. काविळीने गेले.

मी सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, सुपात हात तसाच.

"शेवटपरेंत म्हणत होते, माह्याच हाताचा दोष," बाई म्हणाल्या. "घरातल्या विळ्यालेबी हात लावत नव्हते. मंग आता त्यायले कोन सांगन, शेठ?"

ज्याने सांगायला हवं होतं तो नागपुरात गाडीतून फिरतो.

साहेब, गंज सगळीकडे होता असं तुम्ही म्हणालात. मग ती कडी घेऊन कोरपन्याला या. बाईंच्या ओट्यावर, सगळ्या गावासमोर ठेवा. अंगठा फिरवा आणि दाखवा. कुठे होता?