मेंबरांचा उपप्रश्न

आमचे मेंबर खुर्चीवर बसत नसत. घरी बसत, जेवायला बसत. पण कचेरीत, दुकानात, दवाखान्यात, जिथे कुणाला काही विचारायचं असे तिथे ते उभेच राहत. भाजीवालीनं वांग्यांचा भाव सांगितला तरी काठीवर भार टाकून म्हणत, "यावर माझा एक उपप्रश्न हाय." भाजीवाली कपाळाला हात लावी. सगळी गल्ली हसे, आणि मीही हसत असे.

राहुरीकडच्या एका खेड्यातले हे शेतकरी गृहस्थ युद्धाआधी मुंबई इलाख्याच्या असेंब्लीवर निवडून गेले होते. युद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, असेंब्ली बंद पडली आणि मेंबर नुसते नावाचे मेंबर राहिले. पुढच्या निवडणुकीत त्यांना कुणी उभं केलं नाही. मग नगरात आमच्या समोर खोली घेऊन ते राहू लागले. कचेरी जवळ पडते, एवढंच कारण सांगत.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. नागरिकशास्त्राच्या सरांनी फर्मावलं, "कायदेमंडळावर माहिती जमवून निबंध लिहा. नुसतं पुस्तक उतरवू नका." मी वाचनालयात जाऊन मुकाट्यानं पुस्तकच उतरवलं. वरिष्ठ गृह, कनिष्ठ गृह, विधेयकाची वाचनं. लिहितानाच डोळे मिटत होते. आई म्हणाली, "अगं, जिवंत मेंबर समोर राहतोय, त्यांना विचार की!"

मेंबरांनी माझ्याकडून सगळं वाचून घेतलं. "समदं बरुबर हाय, पोरी," ते म्हणाले. "मला बी येवढं ठावं असतं तर बरं झालं असतं."

त्यांच्या गावाला एक ओढा होता. पावसाळ्यात तो फुगला की पलीकडची वस्ती तुटायची आणि मुलांची शाळा बुडायची. ओढ्यावर साकव व्हावा म्हणून मेंबरांनी असेंब्लीत प्रश्न लावला. पावसाळी बैठक पुण्याला भरत असे. मंत्र्यांनी उठून उत्तर वाचलं, "बाब विचाराधीन आहे." अशा वेळी सभासदानं तिथल्या तिथे उपप्रश्न विचारायचा असतो: कुणाच्या विचाराधीन? कधीपर्यंत? खाली बसला की पाळी गेली.

"आमच्यात कुनी उत्तर दिलं की हात जोडायची रीत," मेंबर म्हणाले. "मी हात जोडले, 'लई उपकार झाले' म्हनालो आन् बसलो. अध्यक्षांनी फुडच्याचं नाव घेतलं. फुडल्या बैठकीला इचारू म्हनलं, तर बैठकच न्हाई ऱ्हायली."

त्यांची नात माझ्याच वयाची. आषाढात सुटलेली शाळा दिवाळीनंतर पुन्हा धरता धरता ती चौथीतच घरी बसली. हे सांगताना ते माझ्या हातातल्या दौतीकडे बघत होते. मला दौत कुठे ठेवावी कळेना.

निबंधावर सरांनी शेरा मारला, "उपप्रश्नावर अवाजवी भर." तो ऐकून मेंबर इतके हसले की त्यांना खोकला लागला.

पुढे त्यांचे पाय सुजू लागले, तेव्हा साकवाच्या अर्जापायी कचेरीत त्यांच्या सोबतीला मी जाऊ लागले. साहेब दौऱ्यावर, साहेब रजेवर, साहेब जेवायला. झेंडा बदलला, व्हरांड्यातलं बाकडं तेच राहिलं. मी कंटाळून त्या बाकड्यावर पाय हलवत बसे आणि म्हणे, "मेंबरकाका, तुम्हीही टेका ना जरा." ते म्हणत, "बसलो की संपलं, पोरी." त्यांचा राग यायचा मला. जीवही होता त्यांच्यावर, म्हणून जास्त यायचा.

मेंबर त्याच हिवाळ्यात गेले. साकव बऱ्याच वर्षांनी झाला, कुणाच्या खटपटीनं ते ठाऊक नाही. आता माझेही गुडघे बोलतात, रांगेत उभं राहवत नाही, आणि रांगेत मला आठवते ती आमची कचेरीतली शेवटची खेप.

साहेब नवे होते, तरुण आणि अदबशीर. त्यांनी उठून मेंबरांना खुर्ची दिली, कागद चाळले आणि म्हणाले, "आजोबा, बाब विचाराधीन आहे."

मेंबर त्यांच्याकडे बघत राहिले. उपप्रश्नाची मी वाटच बघत होते. मेंबरांनी काठी टेबलाला टेकवली, हात जोडले, "लई उपकार झाले, सायेब," म्हणाले आणि खुर्चीत बसले.

इतके महिने मी ज्यासाठी कटकट केली तेच झालं होतं. साहेब कागदांना नाडी बांधू लागले.

"साहेब," मी बाकड्यावरून उठून दारातूनच म्हणाले. आवाज चिरका निघाला. "यावर उपप्रश्न आहे. बाब कुणाच्या विचाराधीन आहे?"

साहेबांनी हसून माझ्याकडे पाहिलं. "आधी आत येऊन बस तर खरी, मुली."

मेंबरांचे डोळे मिटलेले होते. ते तसेच म्हणाले, "बसू नगंस, पोरी."